तोंडाळ

मी आंधळा आहे हे जुळे सोलापुरात आता फारसं कुणाच्या ध्यानात राहत नाही. माझा फोन मात्र सगळ्यांना पाठ आहे. त्यात टॉकबॅक आहे. बोट ठेवाल ते तो वाचणार, दोनदा टिचकी मारली की उघडणार. हळू बोलणं मात्र त्याच्या रक्तातच नाही. "इअरफोन लावा की," असं डोळस मंडळी सुचवतात. विजापूर रोडवर कान बुजवून चालण्याइतका मी जिवावर उदार झालेलो नाही.

शेजाऱ्यानं डोकावू नये म्हणून मी स्क्रीन काळी करून ठेवतो. मग फोन तेच गुपित भर रिक्षात ओरडून सांगतो. उपाय म्हणून बोलण्याचा वेग इतका वाढवला, की मलाही कान टवकारावे लागत. सात रस्त्याहून आसऱ्याला येताना शेजारचं पोरगं म्हणालं, "काका, बँकेत एवढेच उरले?" त्याच दिवशी वेग खाली आणला.

पूर्वी नोटा तरी मुकाट बोटांना कळायच्या. जुनी शंभरची १५७ मिलिमीटर, पाचशेची १६७. आता दोनशे आणि पाचशेच्या लांबीत फरक फक्त ४ मिलिमीटरचा, रुंदी तीच! रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' नावाचं अ‍ॅप आणलं. कॅमेऱ्यापुढे नोट धरली की ते किंमत बोलतं, इंटरनेटही लागत नाही. नोट खरी की खोटी, हे मात्र त्याला कळत नाही.

हे भाजीवाल्या मावशींना कोण सांगणार? त्यांनी परत दिलेली नोट मी फोनपुढे धरली. फोन गरजला, "दो सौ रुपये!"

"माझी नोट मशीनला दावता व्हय?"

मी समजावलं. त्यांनी निम्मंच ऐकलं आणि कनवटीची पाचशेची काढली. "ही कालपासनं संशयाची हाय. बघा बरं."

"पाँच सौ रुपये!"

"पास झाली गं!" मावशी ओरडल्या. कोथिंबीरवाली आली, लिंबूवाला आला. "अहो, हे खरं-खोटं सांगत नाही," असं मी घसा फोडून सांगत होतो, पण फोनचा आवाज माझ्यापेक्षा मोठा.

तेवढ्यात बायकोचा मेसेज आला. फोननं तो सावकाश, स्पष्ट, शेवटच्या चित्रासकट वाचला: "मागच्या खेपेसारखी किडकी वांगी नकोत. नीट बघून आणा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा."

माझ्या हातातली पिशवी चार वांग्यांनी हलकी झाली.