कात्री सोडून काहीही

आमच्या घराण्याचे केस चांगले. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. लोक विसरले तर मी आठवण करून देते, एवढंच. माझी आजी पाटावर बसून केस सोडायची तेव्हा ते जमिनीवर लोळायचे, ही गोष्ट मी लग्नकार्यात न चुकता सांगते. दर वेळी सांगताना पाट थोडा उंच होतो. परवा एका मुंजीत त्याचा चौरंग झाला. आईचेही केस कमरेखाली होते. माझे बाळंतपणात गळाले आणि ते कधी काळी होते याला आता लग्नाच्या अल्बमखेरीज साक्षीदार नाही. तेव्हा तीन पिढ्यांची अब्रू सध्या माझ्या लेकीच्या, मनूच्या डोक्यावर आहे. मनू तिसरीत आहे आणि तिला या अब्रूचं काहीही पडलेलं नाही.

मनूचे केस कंबर गाठतात. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, हळदीकुंकवाला कोणी ना कोणी म्हणतंच, "अगंबाई, केवढे हे केस! तेल कुठलं लावता?" मी मान किंचित तिरकी करून म्हणते, "काही नाही हो, आपलं घरचंच." तेल कोपऱ्यावरच्या दुकानातलं असतं, घरचे असतात ते केस. नेमक्या त्याच वेळी मनू दोन्ही हातांनी डोकं खाजवते आणि मी पावसापाण्यावर बोलू लागते.

ही झाली दर्शनी बाजू. गुंता मागे असतो, मानेवर, गणवेशाच्या कॉलरच्या वर. दिवसभर तिथे कॉलर घासते, दप्तराचे पट्टे घासतात आणि रात्री उशी घासते. केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. मुळाकडून टोकाकडे हात फिरवला तर केस मऊ, उलटा फिरवला तर खवला खवल्यात अडकतो. मुलांचे केस मोठ्यांपेक्षा बारीक, म्हणून लवकर वळतात, लवकर अडकतात. हे सगळं मला पाठ आहे. पण सकाळी पावणेसातला रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असतात, मनूच्या एका हातात दुधाचा पेला असतो, माझ्या हातात तिची बट असते, आणि त्या वेळी पाठांतराचा काही उपयोग होत नाही. कंगवा अडकतो, मनू ओरडते. शेजारच्या काकूंनी तिला गाणं शिकवण्याचा सल्ला दिला आहे. आवाज तार सप्तकात सहज जातो म्हणाल्या, आणि तो त्यांच्या बेडरूमपर्यंत स्वच्छ पोचतो.

"कापून टाक ना," नवरा पेपराआडून म्हणतो. ज्याची स्वतःची जमीन पडीक आहे, त्याने दुसऱ्याच्या उभ्या पिकावर नांगर फिरवण्याचे सल्ले देऊ नयेत. हे मी त्याला ऐकवलं आहे. तेव्हापासून तो घरातही टोपी घालतो.

कात्री सोडून काहीही, असं एकदा ठरल्यावर मी वाचायला बसले. मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे, घरात त्याचा उल्लेख फक्त मिक्सर बिघडला की होतो. अभ्यास आशेने सुरू केला. अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठात रेमर आणि स्मिथ या दोघांनी दोरीचे तुकडे खोक्यात टाकून खोकं गरागरा फिरवलं. हजारो वेळा फिरवलं आणि काही सेकंदांत आपोआप गाठी पडतात असं २००७ साली छापून आणलं. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. इथवर मी हसत होते. मग वाचलं की दोरी ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर गाठच पडत नाही. म्हणजे विज्ञानाचं मत माझ्या नवऱ्यासारखंच निघालं. मी लॅपटॉप मिटला. शेवटी दोरी ती दोरी आणि केस ते केस.

त्याच २००७ साली फ्रान्समधल्या मासाँ नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने केशकर्तनकारांना लोकांच्या डोक्यातले गुंते मोजायला बसवलं. सरळ केसांत सरासरी ५.३ गुंते, कुरळ्यांत २.९. सगळ्यांना वाटतं उलट. मनूचे केस छडीसारखे सरळ आहेत, हेही मी लग्नकार्यात सांगायचे. सरळपणाचा त्रास होतो हे माहीत होतं. तो दशांश चिन्हापर्यंत मोजलेला पाहून बरं वाटलं.

तेलाचं म्हणाल तर २००३ साली मुंबईत रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना करून दाखवलं की केसातलं प्रथिन वाया जाणं या तिघांत खोबरेलच कमी करतं. दोघंही खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले, हे नवऱ्याने शोधून काढलं. माझी आजी कुठल्याही कंपनीत नव्हती आणि तिचंही मत तेच होतं.

पण खरा सापडला तो हार्वर्डचा निबंध. एल. महादेवन, आयआयटी मद्रासला शिकलेले, हार्वर्डला उपयोजित गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केसांच्या गुंत्याचं सोपं रूप घेतलं. एकमेकांत पिळलेले दोनच धागे, आणि त्यांतून ओढायचा एकच दात. निष्कर्ष असा की मोकळ्या टोकाकडून सुरुवात करावी, थोडं थोडं विंचरत वर जावं. मुळाकडून ओढलं तर गुंता खाली सरकत घट्ट होत जातो. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. मुलगी लहान असताना तिचे केस विंचरण्याचा अनुभव महादेवन यांच्या पाठीशी होता.

आता, "खालून सोडव गं, वरून ओढू नकोस" हे वाक्य मी माझ्या आजीकडून ऐकलं, आईने तिच्या आईकडून. त्यासोबत खांद्यावर फणीचा एक फटका मिळायचा, तोही फुकट. महादेवन यांच्यावर माझा मुळीच राग नाही, समीकरणं देखणी आहेत. पण एका बापाने मुलीचे केस विंचरले आणि जगाला शोधनिबंध मिळाला. आया इतकी शतकं विंचरताहेत, त्यांना काय मिळालं? "आई, दुखतंय." मध्ये मी गावाला गेले होते तेव्हा नवऱ्याने मनूची एक वेणी घातली. वेणी कसली, शाळेपर्यंत टिकेल अशी एक आशा होती ती. तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला आणि खाली टाळ्यांची रांग लागली. माझ्या वेण्यांना आजवर कोणी अंगठासुद्धा दाखवलेला नाही. मी परत आल्यावर त्या टाळ्या मोजल्या. मोजणारच.

इथे मला फणीबद्दल बोलायचं आहे. गोष्ट पुढे न्यायला त्याची गरज नाही, पण घरात मला या विषयावर कोणी बोलू देत नाही. आजीची फणेरपेटी माझ्याकडे आहे. शिसवी लाकूड, झाकणाला आतून आरसा, कुंकवाच्या करंड्याची जागा, मेणाच्या डबीची जागा, आणि दोन्ही बाजूंना दात असलेली फणी. एका बाजूला विरळ, गुंत्यासाठी. दुसऱ्या बाजूला दाट, उवा-लिखांसाठी. मला वाटायचं ही आमच्या आज्यांची कल्पकता. तर इस्रायलमध्ये लाखीश नावाच्या प्राचीन शहराच्या उत्खननात अशीच एक फणी निघाली. हस्तिदंती, जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. एका बाजूला ६ जाड दात, दुसऱ्या बाजूला १४ बारीक. काळ अंदाजे इसवी सनापूर्वी १७००. ती कित्येक वर्षं तशीच ठेवून दिली होती. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तिच्यावर अक्षरं कोरलेली आहेत. १७ अक्षरं, कनानी लिपीत. २०२२ साली ते वाचून प्रसिद्ध झालं. आशय असा की या हस्तिदंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवांचा नायनाट होवो.

कनानी वर्णलिपीत आजवर सापडलेलं हे सगळ्यात जुनं पूर्ण वाक्य आहे. जरा विचार करा. माणसाच्या हाती नवीकोरी वर्णमाला आली. राजाची स्तुती लिहिता आली असती, देवाची प्रार्थना लिहिता आली असती. टिकून राहिली ती उवांची तक्रार. आणि हस्तिदंत तिथे परदेशातून यायचा, म्हणजे फणी कोणा श्रीमंताची. दाढीचा उल्लेख आहे, म्हणजे पुरुषाचीही. फणीच्या एका दातावर उवेचे अवशेषसुद्धा मिळाले. साडेतीन हजार वर्षांहून जुनी ऊ! हे मी मनूला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "म्हणजे मोठ्या लोकांच्या घरीपण असतात?" ती म्हणाली. त्या आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर 'काही मुलांच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत' असा निरोप आला होता आणि मी त्याखाली 'अरे बापरे, पालकांनी लक्ष द्यायला हवं' असं लिहिलं होतं. ते लिहिताना माझ्या डाव्या हातात आजीची फणी होती.

फणीचं आणखी खूप आहे, पण राहू दे.

गुंता न सोडवता तसाच ठेवला तर काय होतं, हे मात्र मला कुठल्या निबंधात वाचावं लागलं नाही. मी सांगली-मिरजेकडची. आमच्या वर्गात एका मुलीच्या कानामागे जट झाली होती. धूळ, घाम, तेल, आणि न विंचरलेले केस एकमेकांत घट्ट विणले जातात, यापलीकडे तिच्यात काही नव्हतं. पण घरच्यांनी तिला हळदकुंकू लावलं. यल्लम्मा देवी आली म्हणाले. आम्ही मुली मधल्या सुट्टीत त्या जटेला हात लावायला घाबरायचो आणि ती स्वतः मान एका बाजूला कलती ठेवून बसायची, कारण जट ओढायची. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही. सौंदत्तीला, यल्लम्माच्या देवळात सोडायला नेली, एवढंच कानावर आलं. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात १९८२ चा कायदा झाला, महाराष्ट्रात २००५ चा. कायद्यात मुलीला देवाला सोडणं हा गुन्हा आहे, पण सुरुवात कानामागच्या एका गुंत्यापासून होते आणि तो वेळेवर विंचरायला कोणाला सवड झालेली नसते.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव पुण्यात जटामुक्तीचं काम करतात. पूर्वी त्या ब्यूटी पार्लर चालवायच्या. त्यांनी शेकडो बायकांच्या जटा उतरवल्या आहेत. कापायला फार वेळ लागत नाही. आधीचं समजावणं असतं ते खरं काम. कात्री लागली तर देवी कोपेल, नवरा मरेल, मूल आजारी पडेल. त्या बायकांनी मानेवर वजन वागवत वर्षानुवर्षं काढलेली असतात, कारण त्यांना भीती घातलेली असते. मला कोणी घातली आहे? माझ्या मागे कुठली देवी लागली आहे? हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका. "अय्या, कापले?" एवढंच त्या म्हणतील, आणि तेवढ्यासाठी मी रोज सकाळी एका लहान मुलीला रडवते.

त्या रात्री मी मनूचे केस सावकाश सोडवले. तेल चोळलं. बट मुळाशी मुठीत घट्ट धरली. म्हणजे कंगव्याची ओढ मुठीत थांबते, टाळूपर्यंत पोचत नाही. ही युक्तीही आजीचीच, हार्वर्डला तिच्यावर अजून काम करायला वाव आहे. मानेवरच्या खळगीत तिचे जावळाइतके मऊ, भुरभुरे केस अजून शिल्लक आहेत. ते कधीच गुंतत नाहीत. मनू पेंगत होती, आणि पेंगतच म्हणाली, "आई, कापू या ना."

मी विचार करते म्हणाले. विचार करताना मला माझ्या स्वभावाला साजेसा तोडगा सुचला. कॅन्सरच्या पेशंटच्या विगसाठी केस देतात. 'कापले' म्हटलं की बायका हळहळतात. 'दान केले' म्हटलं की ओटी भरतील. फोटो टाकता येईल. आजीचा पाट या निमित्ताने हिमालयाएवढा उंच करता येईल. चौकशी केली तर बऱ्याच संस्था किमान १२ इंच मागतात. १२ इंच देऊनही खांद्यापर्यंत उरायला हवेत, हे मी मनातल्या मनात ठरवलं. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आणखी वर्षभर तरी कात्री टळली. कुठल्याही समितीने मागितली नसेल अशी मुदतवाढ मी दानधर्माच्या नावाखाली मिळवली होती.

रविवारी न्हाऊन आल्यावर मनूला हे सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग दप्तरातून ३० सेंटिमीटरची पट्टी काढली, माझ्याकडे पाठ केली आणि केसांच्या टोकाला पट्टीचं शून्य लावायला सांगितलं. पट्टी संपली तिथे तिने बोट ठेवलं. कानाच्या जरासं खाली.

"इथे," ती म्हणाली.

"इथे म्हणजे बॉबकट होईल. खांद्यापर्यंत उरायला हवेत ना?"

"कोणाला?"

या प्रश्नाला मी बगल दिली. "आणि १२ इंच म्हणजे ३० नव्हे, ३०.४८. शिवाय केस ओले आहेत. ओले केस ताणले जातात, माप चुकतं. वाळल्यावर बघू." यातलं अक्षरन्‌अक्षर शास्त्रशुद्ध आहे, एम.एस्सी. शेवटी कामाला आली.

मनूने पंखा पाचावर केला, त्याखाली खुर्ची ओढली, केस खुर्चीच्या पाठीवरून मागे सोडले आणि पट्टी मांडीवर घेऊन बसली.

"बाबा," ती ओरडली, तार सप्तकात, "तू ये मोजायला! आई लबाडी करते."