सँटोरिनीचं सोवळं

ऐकलंत का? लोक ग्रीसला जातात आणि निळ्या घुमटासमोर एकसुद्धा फोटो न काढता परत येतात! आमच्याच घरात घडलंय, म्हणून सांगते. मावसदादा आणि वहिनी नऊ दिवस तिकडे होते. आल्यावर सगळे जमलो, बाकरवडीचं पाकीट फोडलं, दादाने मोबाइल टीव्हीला जोडला. आणि पडद्यावर काय? डोंगर, धुकं, दगडी घरं, दगडी छपरं, दगडी पूल. मावशी बिचारी दहा मिनिटं गप्प होती. मग हळूच म्हणाली, "अरे, हे आपल्या भीमाशंकरला नव्हतं का?"

"आम्ही सँटोरिनी केलं नाही," दादा म्हणाला. ते त्याने थेट "आम्ही कांदा-लसूण खात नाही" याच चालीवर म्हटलं.

तर हे नवं सोवळं आहे. मोसमात क्रूझवरून सँटोरिनीला पाय टेकवायचे माणशी 20 युरो घेतात, सूर्यास्त बघायला धक्काबुक्की होते, म्हणून ते बेट आता विटाळलं. आता जायचं ते इपिरसला. ग्रीसच्या वायव्य कोपऱ्यात, अल्बेनियाला खेटून. "अनवट आहे," असं म्हणायचं आणि गवयाने अनवट रागाचं नाव घेतल्यावर कान धरावा तसा चेहरा करायचा. अनवट म्हणे! तिथल्या झागोरीच्या 46 गावांना युनेस्कोने 2023 मध्येच जागतिक वारशाच्या यादीत बसवलंय. पण हे बोलून दाखवायची सोय नाही. मी बोलले, तर वहिनी म्हणाली, "हो, पण आम्ही जायचं त्याच्या आधीच ठरवलं होतं."

मी यातली नाही, आधीच सांगून ठेवते. पण त्या रात्री झोप येईना म्हणून जरा वाचायला घेतलं, आणि पहाटेचे चार वाजले. काय तो प्रदेश! एवढी भानगड एका जिल्ह्याएवढ्या जागेत मावते कशी?

पुलांपासूनच बघा. डोंगरातली ही गावं, मध्ये खोल ओढे, म्हणून श्रीमंतांनी पदरचे पैसे घालून कमानीचे पूल बांधून दिले आणि पुलाला आपलं नाव लावून घेतलं. किपी गावाजवळ एक आहे 1750 चा. नूत्सो नावाच्या दात्याने बांधला, पण लोक आज त्याला कोकोरीचा पूल म्हणतात! जवळच तीन कमानींचा दुसरा, लांबून सुरवंट चाललाय असा दिसतो. तो 1814 मध्ये एका मठातल्या साधूने दगडी करून घेतला, म्हणून साधूचा पूल. आणि नंतर तोच प्लाकिदाचा झाला. केलं कुणी, नाव कुणाचं! देवळाच्या फरशीवर आजोबांचं नाव कोरून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ग्रीकांना, म्हणजे यवनांना, या बाबतीत हसायचं कारण नाही म्हणा. आपल्या कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिलेत आणि खांबावर तसं कोरूनही ठेवलंय. ती अक्षरं दोन हजार वर्षं टिकली. नूत्सोला कुणीतरी कळवायला हवं होतं.

वहिनीला मात्र आवडला कोनित्साचा पूल. एकच भली मोठी कमान, आणि कमानीच्या पोटाखाली एक घंटा टांगलेली. वारा जोरात सुटला की घंटा आपोआप वाजते, म्हणजे समजायचं, आत्ता पूल ओलांडायचा नाही. दादाने सात मिनिटांचा व्हिडिओ काढलाय त्या घंटेचा. वारा नव्हता. सात मिनिटं घंटा स्वस्थ लटकलेली आम्ही पाहिली.

विकोसची घळ, खाली बर्फासारखं गार पाणी वाहवणारी व्होइदोमातीस नदी, पापिगोची गावं, वरती दोन हजार मीटरवर 'ड्रॅगनचं तळं' (ड्रॅगन म्हणजे वीतभरही नसलेले पाणसरडे!) हे सगळं त्यांनी केलं. ते झरझर पुढे सरकवू. सिराकोला गाडी गावाबाहेर ठेवून चालावं लागतं, त्याचे फोटो 43. समोरच्या कड्यावरच्या कलारितेसला चांदीकाम करणारी घराणी होती. त्यातल्याच एका घराण्यातला सोतिरिओस वूल्गारिस पुढे रोमला गेला आणि 1884 मध्ये दुकान थाटलं. ते दुकान म्हणजे दागिन्यांचं बुल्गारी. हे कळल्यावर मावशी पहिल्यांदा सावरून बसली.

पण खरा मसाला यानिनात आहे. तळ्याकाठचं शहर, तळ्यात बेट. बेटाला नाव नाही, नुसतंच 'निसी', म्हणजे 'बेट'. तिथे बाम आणि बेडकाच्या तंगड्या खातात. (वहिनीने खाल्लं का? दादा गप्प आहे.) याच शहरात सुलतानाचा सुभेदार अली पाशा याचा दरबार होता, 1809 मध्ये लॉर्ड बायरन पाहुणा म्हणून येऊन गेला. आणि इथल्या फ्रोसिनीबाईंचं अली पाशाच्या मुलाशी सूत जमलं होतं. दोघंही लग्न झालेली! म्हणतात की मुलाच्या बायकोने थेट सासऱ्याकडे गाऱ्हाणं नेलं. सासऱ्याने मुलाला काही केलं नाही. 1801 मध्ये फ्रोसिनीला आणखी 17 बायकांसह याच तळ्यात बुडवलं. पुढे 1822 मध्ये सुलतानाची माणसं त्याच अलीला मारायला आली, तेव्हा तो त्याच बेटावरच्या मठात लपला होता. लाकडी जमिनीला पडलेली गोळ्यांची भोकं तिकीट काढून दाखवतात. दादाने भोकात बोट घातलं नाही, हे त्याने दोनदा सांगितलं.

आता अखेरॉन. नाव मराठीच वाटतं की नाही? नदी आहे, आणि नावासारखीच: ग्रीकांची वैतरणी. मेलेला माणूस हिच्यातूनच पाताळात जायचा. आणि सध्या लोक तिथे काय करतात? ग्लिकी गावात रबरी होडीत बसून खिदळतात! वहिनी वैतरणीत गुडघाभर उभी आहे, सलवार वर खोचलेली, गारठ्याने तोंड वाकडं. हा फोटो तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली तीन जणींनी 'कित्ती सुंदर' लिहिलं.

नदीकाठी मृतांच्या आत्म्यांशी बोलायची जागा होती. हेरोडोटसने तिची एक कुचाळकी लिहून ठेवलीये. कॉरिंथचा सत्ताधीश पेरियांडर, याने बायकोला स्वतःच मारलेलं. पुढे कुणीतरी ठेवायला दिलेली ठेव सापडेना, तेव्हा निर्लज्जाने माणसं पाठवून तिच्याच आत्म्याला पत्ता विचारला! ती म्हणाली, नाही सांगत, मला थंडी वाजते. माझे कपडे नुसते पुरले, जाळले नाहीत. मीच बोलतेय याची तिने एक खूणही सांगितली, ती मात्र इथे छापता येणार नाही. मग पेरियांडरने गावातल्या सगळ्या बायकांना हेराच्या देवळात बोलावलं. बिचाऱ्या सणाचं म्हणून ठेवणीतलं नेसून आल्या. याने पहारेकऱ्यांकडून सगळ्यांचे कपडे उतरवून घेतले आणि खड्ड्यात जाळले. त्यानंतर ठेव सापडली.

आता त्या जागेचंच ऐका. 1958 पासून दाकारिस नावाच्या पुरातत्त्वज्ञांनी मेसोपोतामोच्या टेकडीवर उत्खनन केलं. काळोखी दालनं, तळघर, काशाची दातेरी चाकं निघाली. ते म्हणाले, हीच ती जागा. या चाकांच्या यंत्राने पुजारी 'आत्मा' वरून खाली सोडत असणार. काय रंगतदार! 1979 मध्ये बाट्झ नावाचे जर्मन अभ्यासक पुढे आले: ही चाकं दगड-बाण फेकायच्या युद्धयंत्राची आहेत. म्हणजे ती वास्तू एखादी तटबंदीची शेतवाडी असावी, असं आता बरेच अभ्यासक म्हणतात. दादाला मी हे सांगितलं, तर त्याचा चेहरा पडला. तळघरात त्याला 'काहीतरी जाणवलं' होतं म्हणे. धान्याच्या कोठारात काय जाणवायचं? उंदीर?

शेवटी डोडोना. झ्यूसचा कौल लावायचं ठिकाण. ओकची पानं सळसळली की त्यातून देव बोलायचा. इथले पुजारी जमिनीवर झोपतात आणि पाय धूत नाहीत, हे होमरने नोंदवलंय. महाकाव्यात काय काय घालतात लोक! भक्त शिशाच्या पत्र्यावर प्रश्न लिहून गुंडाळायचे. चार हजारांवर मजकूर छापून प्रसिद्ध झालेत, म्हणजे बघा. लिसानिआस विचारतो, ॲनिलाच्या पोटातलं मूल माझंच आहे ना? आणि ॲगिस नावाचा एक विचारतो, माझी पांघरुणं आणि उशा हरवल्यात, बाहेरच्या कुणी चोरल्या का? बहुतेक पत्र्यांवर उत्तर नाही, नुसते प्रश्न.

हा ॲगिस मी वाचून दाखवला, तेव्हा वहिनी एकदम लाल झाली. तिची गळ्याभोवती घालायची उशी यानिनाला येताना बसमध्ये हरवली होती, आणि डोडोनाला जुन्या ओकच्या जागी लावलेल्या झाडापाशी ती दहा मिनिटं एकटीच उभी होती. दादाला वाटलं, भावुक झाली असेल.

"काय विचारलंस?" मी म्हटलं.

"काही नाही," म्हणाली. पण तिने दादाची सॅक ओढली, तळापर्यंत हात घातला आणि हवा काढलेली, घडी घातलेली उशी बाहेर काढून त्याच्या मांडीवर ठेवली.