हजर, मॅडम!

तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या वर्गात चार प्रकारची मंडळी असतात. एमपीएससीचा नाद अजून न सुटलेली, वडिलांचं ऑफिस पुढे चालवायला आलेली, लग्न ठरेपर्यंत काहीतरी चालू असावं म्हणून आलेली, आणि साहेबकाका. पहिल्या तिघांची संख्या दरवर्षी कमीजास्त होते. साहेबकाका मात्र वर्गाला एक असतातच.

ते पंख्याखालचा बाक धरत नाहीत. पाठ भिंतीला आणि नजर दारावर राहील अशी जागा पहिल्याच दिवशी हेरतात आणि तीन वर्षं सोडत नाहीत. हजेरीला बाकीचा वर्ग "येस मॅम" असं काहीतरी पुटपुटतो, साहेबकाका ताडकन उठतात, टाचा जुळवतात आणि "हजर, मॅडम!" म्हणून गरजतात. आमच्या मॅडम पंचविशी-सत्ताविशीच्या. पहिला महिनाभर त्या रोज दचकत आणि चुकून पुढचा नंबर दोनदा पुकारत.

वय अठ्ठेचाळीस. केस बारीक कापलेले, मिशी कायमची बंदोबस्ताला उभी केल्यासारखी, पायांत अजून पोलिसी बूट आणि अंगात पांढरा शर्ट. नुसतं "साहेब" म्हणावं तर शेजारी बसून आपल्याच वहीतून उतरवून घेतात. नुसतं "काका" म्हणावं तर त्या मिशीपुढे धीर होत नाही. म्हणून साहेबकाका.

पोलिसातली नोकरी माणूस आपणहून सोडतो, यावर आपल्याकडे कुणाचाही विश्वास नाही. वाय. पी. सिंग आयपीएस सोडून हायकोर्टात वकिली करायला लागले, त्याची बातमी पेपरात आली. सहायक फौजदाराने तेच केलं की बातमी सोसायटीत येते, आणि त्या बातमीत 'निलंबित' हा शब्द आपोआप येऊन बसतो. वास्तविक नियम साधा आहे. वीस वर्षं सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. १९८२ च्या पेन्शन नियमांत तशी तरतूद आहे. साहेबकाकांची सव्वीस झाली होती. पण सासऱ्यांनी फोन केला तो थेट, "जावईबापू, किती रकमेचा ट्रॅप होता?" खालच्या किराणावाल्याने उधारीची वही हळूच गल्ल्याखाली सरकवली. बायको तेवढी खरं जाणून होती. ती म्हणाली, "अहो, पोरगी बारावीला आणि बाप फर्स्ट इयरला. वह्या एकदमच आणा, डझनाच्या भावात पडतील."

नोकरीत राहून करता आलं असतं, असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण टपालाने मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर बार कौन्सिल सनद देत नाही, आणि वर्गात बसायचं तर प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. गणपती, पालखी, जेजुरीची सोमवती, निवडणूक आणि मंत्र्यांचा दौरा यांतून उरलेल्या दिवसांत ज्याने संसार केला, त्याची घरातलीच हजेरी तीस टक्क्यांवर गेली नव्हती. तेव्हा एकतर वर्दी, नाहीतर वर्ग. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नसतं हे कळलं तेव्हा साहेबकाका हरखूनच गेले. "उत्तर चुकलं तरी काही कापत नाहीत? मेमोसुद्धा नाही?" एवढा उदार कारभार सव्वीस वर्षांत त्यांनी पाहिला नव्हता. पेपरात एकही प्रश्न कोरा सोडला नाही.

खरं कारण त्यांनी कँटीनमध्ये दुसऱ्या कटिंगला सांगितलं. सव्वीस वर्षं त्यांनी कोर्टात साक्षी दिल्या. समोर काल सनद मिळालेलं पोर उभं राहायचं. "पंचनामा तुम्ही ठाण्यात बसून लिहिला." हे म्हणणे खरे नाही. "जप्तीच्या वेळी पंच हजर नव्हते." हे म्हणणे खरे नाही. "वरिष्ठांच्या सांगण्यावरून तुम्ही खोटी साक्ष देत आहात." हे म्हणणे खरे नाही. "सव्वीस वर्षं एकच उत्तर दिलं रे," साहेबकाका बशीत चहा ओतत म्हणाले, "एकदा तरी प्रश्न मला विचारायचाय."

वर्गात प्रश्न विचारायला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुरुवात केली. मॅडम निष्काळजीपणाच्या कायद्यातला सुप्रसिद्ध गोगलगायीचा खटला शिकवत होत्या. स्कॉटलंडमधलं पेस्ली गाव, हॉटेलात बसलेल्या डोनोह्यूबाई, जिंजर बिअरची काळपट बाटली आणि तिच्यातून निघालेली कुजकी गोगलगाय. साहेबकाकांचा हात वर.

"मॅडम, बाईंकडे परमिट होतं का?"

"सर, जिंजर बिअर म्हणजे दारू नव्हे."

"बरं. मुद्देमाल कुणी ताब्यात घेतला? गोगलगाय केमिकल अ‍ॅनालायझरकडे पाठवली होती का?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत; त्या घरी जाऊन पुस्तकं उलटीपालटी करून आल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं ते ऐकून वर्गाचं हसू थांबलं. १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं ते एवढंच, की बाईंचं म्हणणं खरं धरलं तर बाटली भरणाऱ्यावर दावा लागतो. पुढे पुरावा व्हायचा होता, पण बाटलीवाले स्टीव्हन्सन वारले आणि प्रकरण आपसात मिटलं. बाटलीत गोगलगाय होती हे कुठल्याही कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. अर्ध्या जगातला निष्काळजीपणाचा कायदा जिच्यावर उभा आहे, त्या गोगलगायीचा पंचनामाच नाही! "तपासात त्रुटी," असा शेरा मारून साहेबकाका खाली बसले.

परीक्षेत मात्र हाच अनुभव नडला. त्यांचं उत्तर आम्ही पुढे सगळ्यांनी पाहिलं: "मजकूर बाई ह्या दि. २६/०८/१९२८ रोजी रात्रौ ८.५० वा.चे सुमारास मौजे पेस्ली गावचे हद्दीतील हॉटेलात ओळखीचे व्यक्तीसोबत बसल्या असता, सदर व्यक्तीने त्यांचेकरिता जिंजर बिअर बाटली एक नग मागविली. बाटलीची काच काळपट असल्याने आतील वस्तू बाहेरून दिसून येत नव्हती. उर्वरित द्रव ओतला असता त्यात एक गोगलगाय कुजलेले स्थितीत मिळून आल्याने बाईंचे प्रकृतीस अपाय झाला. येणेप्रमाणे हकीकत." खाली मॅडमचा लाल शेरा: "घटना उत्तम. तत्त्व कुठे आहे?" साहेबकाका म्हणाले, "आमच्याकडे तत्त्व वरिष्ठ घालतात."

त्यांचं दुसरं दुःख आकड्यांचं. पोलीस माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, कलम विसरणार नाही. आणि नेमकी १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं ३०२ गेलं, १०३ आलं. नव्या संहितेतलं ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेले शब्द. ४२० तर उरलंच नाही, कारण संहिता ३५८ वर संपते. फसवणूक आता ३१८ मध्ये. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातली १४४ ची जमावबंदीही तिथल्या नव्या संहितेत १६३ मध्ये गेली. बावीस वर्षांच्या पोरांना यातलं जुनं ठाऊकच नव्हतं, ती नवं पाठ करून मोकळी झाली. साहेबकाका बेअर अ‍ॅक्टमधला प्रत्येक आकडा मनातल्या मनात जुन्यात बदलून, समजून घेऊन, परत नव्यात लिहीत. तीन तासांच्या पेपरात त्यांचा पाऊण तास या बदलीत जाई. "आयुष्यभर ज्याला चारसोबीस म्हटलं, त्याला आता तीनशे अठरा म्हणू? त्याला शिवी दिल्यासारखं वाटणार तरी कसं?" ही त्यांची तक्रार रास्त होती.

मग पुराव्याच्या कायद्याचा तास आला. मॅडमनी कलम २३ वाचलं: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. कलम नवं नव्हतं. १८७२ च्या कायद्यात ते २५ नंबरला होतं आणि साहेबकाकांना तोंडपाठ होतं. पण ठाण्यात कलम म्हणजे कागदावर टाकायचा आकडा असतो; त्याच्यामागचं कारण तिथे कुणी समजावून सांगत नाही. मॅडमनी ते सांगितलं. मारून, घाबरवून, लालूच दाखवून वदवून घेतलं जाईल, या भीतीने इंग्रजांनी आपल्याच पोलिसावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. इंग्रज गेले, ठराव राहिला. शिपायापासून महासंचालकापर्यंत सगळ्यांना तो सारखाच लागू. वर्गातल्या साठ माना एकदम दाराजवळच्या बाकाकडे वळल्या. साहेबकाका शांतपणे वहीत समास आखत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे चोरानं खरं सांगितलं तरी मी ऐकलं म्हणून ते खोटं?"

"खोटं नाही, सर. फक्त कोर्टाला ऐकवता येत नाही."

"तेच ते."

त्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी चहा घेतला नाही.

याचा अर्थ वर्गाला त्यांचा उपयोग नव्हता असं नाही. ई-चलान, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन, होस्टेलवर आलेला पोलिसांचा फोन, सगळी प्रकरणं दाराजवळच्या बाकावर येत. एकदा एका मुलीचा मोबाईल बसमध्ये मारला. ती ठाण्यात गेली, तर 'गहाळ' झाल्याचा दाखला घेऊन परत आली. साहेबकाका तिच्याबरोबर गेले आणि जन्मात पहिल्यांदा टेबलाच्या अलीकडच्या बाकड्यावर बसले. ठाणे अंमलदाराने मान वर न करता विचारलं, "चोरीला गेला की पडला? नीट आठवून सांगा." हा प्रश्न साहेबकाकांनी स्वतः किती जणांना विचारला असेल याचा हिशेब नाही. चोरी लिहिली तर गुन्हा वाढतो, तपास वाढतो, महिनाअखेरचा तक्ता बिघडतो. गहाळ लिहिलं तर एक शिक्का पुरतो. त्यांनी ललिता कुमारी खटल्याचा दाखला दिला: दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे. अंमलदार म्हणाला, "वकील का?"

"फर्स्ट इयर."

"मग बसा. माणूस नाही लिहायला."

शेवटी फिर्याद साहेबकाकांनीच सांगितली आणि अंमलदाराने टाईप केली. प्रत मोफत मिळते, तीही त्यांनी मागून घेतली. बाहेर येऊन त्या मुलीला म्हणाले, "हा प्रश्न कुणी विचारला की 'पडला' म्हणायचं नाही. मी विचारला तरी."

पण साहेबकाका खरे रंगले ते तिसऱ्या वर्षी. अभ्यासक्रमात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा असतो आणि जर्नलमध्ये निरीक्षणं लिहायची असतात. सगळा वर्ग पांढऱ्या शर्टात मागच्या बाकांवर बसला. पुकारा झाला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात साहेबकाकाच चढले. घरफोडीचा जुना गुन्हा होता. पोलीस निवृत्त होतो. समन्स निवृत्त होत नाही. वकील आमच्याहून फार तर दोन वर्षांनी मोठा. त्याने नेहमीचे प्रश्न विचारले, साहेबकाकांनी नेहमीचं उत्तर दिलं. माझ्या शेजारच्याने वहीत एकदाच "हे म्हणणे खरे नाही" असं लिहून खाली नुसत्या दोन टिंबांच्या जोड्या मारल्या, पान भरलं.

कँटीनमध्ये वर्गाने त्यांना घेरलं. "काका, पंच खरंच जागेवर होते का?"

साहेबकाकांनी वडापावचा घास सावकाश गिळला. "आता सांगता येणार नाही."

इकडे मॅडमनी त्यांची गैरहजेरी मांडली होती, कारण ते विद्यार्थ्यांच्या बाकावर नव्हते. "मॅडम, सगळ्यात जास्त हजर मीच होतो," असं त्यांनी परोपरीने सांगितलं तेव्हा जर्नल घ्यायला त्या तयार झाल्या. त्यात लिहिलं होतं: "साक्षीदार क्र. ४ हा एकाच छापाची उत्तरे देत होता. त्यावर विश्वास ठेवणे अवघड वाटले. बचाव पक्षाच्या वकिलांनी 'सदरचे पंच यापूर्वी आणखी किती गुन्ह्यांत पंच होते' एवढा एकच प्रश्न विचारावयास हवा होता. साक्षीदार अडचणीत आला असता." दहापैकी दहा मार्क. आणि पहिल्यांदाच, तत्त्वासकट.

आता निकाल लागलाय, सनदेचा अर्ज गेलाय, बार कौन्सिलच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. सासरे आता "आमचे जावई कायद्यात आहेत" असं सांगतात. पण पहिला पक्षकार सासऱ्यांच्या आधी येऊन गेला. साहेबकाकांनी ज्याला तीनदा आत टाकलं होतं, तोच तो घरफोड्या. कोर्टाच्या आवारात गाठून म्हणाला, "साहेब, सनद कधी हातात पडते? माझ्या तारखा तुमच्याकडेच द्यायच्यात. तुमच्या पंचनाम्यात काय काय राहून जातं, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?"

साहेबकाकांनी त्याला समजावलं, की ज्या गुन्ह्यात आपण साक्षीदार आहोत त्यात वकीलपत्र घेता येत नाही. तो म्हणाला, "मग नव्याचं घ्या." आणि फार जुनी ओळख असल्यासारखा कानाशी लागून नव्याची हकीकत सांगायला लागला. कपाट कुठलं, पहार कुणाची, माल कुठे दिला. कुणी हात लावला नव्हता, दरडावलं नव्हतं, चहासुद्धा पाजला नव्हता. सव्वीस वर्षांत एवढं स्वच्छ निवेदन त्यांना कुणी दिलं नव्हतं.

साहेबकाकांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. मग त्यांना पुराव्याच्या कायद्यातलं कलम १३२ आठवलं: पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं वकिलाने बाहेर फोडायचं नसतं. पेन परत खिशात ठेवत ते म्हणाले, "थांब. सनद मिळेपर्यंत मला यातलं काही सांगू नकोस. आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा फी घेऊन ये."