घासून घेतलेला शनी

दुर्बिणीच्या खोक्यावर शनीची झोकदार कडी आणि '६७५ पट मोठे!' अशी ग्वाही. आत ५० मिलिमीटरचं भिंग, ज्याला १०० पटींपुढे धाप लागते. आणि तिपाई अशी, की शेजारी कुणी शिंकलं तरी चंद्राला भोवळ यावी.

म्हणून आम्ही दुर्बीण घरीच करायला घेतली. आरशासाठी सहा इंची काच, ती घासायला कार्बोरंडमची पूड आणि घासताना पिंपाभोवती फेऱ्या. "लग्नात सातच फेऱ्यांत दमला होतात," इति सौ. १७८१ साली हर्शेलला युरेनस सापडला तो घरी घासलेल्या आरशातूनच, हे खरं. पण त्याला घासताना घास भरवायला बहीण कॅरोलिन होती! आमचा आरसा चकाकला तोवर मृग लागला होता. आकाशातला नव्हे, पावसाचा.