साहेबांची भवानी

'आमचं मालेगाव नाशिककडचं नव्हे,' हे वाक्य आमच्या गावातलं पोर बोबडं बोलायला लागतं तेव्हापासून म्हणत असतं. आम्ही वाशीम जिल्ह्यातले, आणि हा जिल्हाही 1998 साली अकोल्यातून वेगळा निघालेला, म्हणजे घरातल्या शेंडेफळासारखा. पण गावाची खरी खूण जिल्हा नाही, रस्ता आहे. अकोल्याहून वाशीमला जाणारी वाट आणि नागपूरहून मेहकरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, आणि दोन रस्ते भेटले की तिथे हॉटेल उगवतं, पावसानंतर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसं. हॉटेल म्हणजे आमच्याकडे राहायची जागा नव्हे. वर पत्रे, पुढे भट्टी, काचेच्या कपाटात पेढे, परातीत आलुबोंडे आणि चहाच्या पातेल्याची दिवसभर चाललेली कुरकुर.

अशाच एका हॉटेलात मी निवृत्तीनंतर रोज सकाळी बसतो. गल्ल्यामागच्या भिंतीवर शेगावचे गजानन महाराज आहेत, डव्ह्याचे नाथनंगे महाराज आहेत, मालकांचे कैलासवासी वडील आहेत, आणि त्यांच्याच रांगेत चौकटीत बसवलेलं अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र आहे. त्यावरचा क्रमांक 14 अंकी. तो 2 ने सुरू होतो, कारण आमचे मालक लहान व्यावसायिक, त्यांना नोंदणी पुरते. मोठ्यांना परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक 1 ने सुरू होतो. हा कागद दर्शनी भागी लावावा असा नियम आहे. दर्शनी म्हणजे जिथे दर्शन घेतात ती जागा, असा मालकांनी त्याचा सरळ अर्थ लावला. सकाळी उदबत्ती फिरते ती कोणाला वगळून फिरत नाही. इतक्या वर्षांच्या धुराने महाराजांच्या तसबिरीला जशी एक सायीसारखी पिवळी झाक आली आहे, तशीच त्या क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांनाही आली आहे.

अन्न सुरक्षा अधिकारी कधी येणार हे कोणाला कळू नये, अशी या तपासणीमागची कल्पना. पण चिमण्या धुळीत लोळल्या की पाऊस येणार हे ओळखणारा आमचा मुलूख. त्याला जीप ओळखणं काय अवघड? पूर्वी ही बातमी एसटीचा कंडक्टर आणायचा, तिकिटाच्या पेटीबरोबर. आता शेलूबाजाराकडून फोन येतो, 'साह्यब निंगाले बावा.' मग हॉटेलात जी धांदल उडते ती मुलीला पाहायला पाहुणे येणार असल्यासारखी. फरशीवर बादल्या ओतल्या जातात, पोराची नखं काढली जातात, पिण्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणि कामगारांचे वैद्यकीय दाखले ठेवलेली फाईल साखरेच्या पोत्यामागून निघते. नियमात स्वयंपाक करणाऱ्याने डोकं झाकावं असं आहे. एकदा ऐन वेळी टोपी सापडेना, तेव्हा मालकांनी ट्रंकेतून वडिलांची गांधी टोपी काढून भजी तळणाऱ्या पोराच्या डोक्यावर ठेवली. मी भिंतीकडे पाहिलं. तसबिरीतल्या आबांच्या डोक्यावर तीच टोपी होती. त्यांच्या हयातीत डोकं उघडं ठेवून कोणी भट्टीपुढे उभंच राहत नसे. 2006 सालचा अन्न सुरक्षा कायदा त्यांनी 1960 सालीच पाळून टाकला होता.

'समृद्धी' महामार्ग सुरू झाल्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. त्या सकाळी फोन आला नाही. साहेब एकदम दारातच उभे. चाळिशीचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला माणूस. खांद्याला पिशवी आणि पिशवीत रिकाम्या बाटल्यांची किणकिण. त्यांनी टाकीत डोकावलं, कढईत पाहिलं. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा 2018 पासूनचा नियम आहे, तो त्यांनी समजावून सांगितला. मालकांनी नम्रपणे स्वतःचं माप सांगितलं, 'साह्यब, तेलात मले माह्यं तोंड दिसलं पायजे. नाई दिसलं का तेल गेलं.' साहेब क्षणभर कढईत वाकले. त्यांना कोणाचं तोंड दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही.

मग पेढ्यांचा नमुना घ्यायचं ठरलं, आणि त्याला साक्षीदार हवा. 'पंच' हा शब्द उच्चारताच चार टेबलं अशी रिकामी झाली की पाखरांच्या थव्यात खडा पडावा. अर्धे चहा बशीतच राहिले. मी म्हातारा आणि गुडघ्याचा अधू, त्यामुळे न्यायाच्या कामी आलो.

नमुना घेणं इतकं हळुवार काम असेल असं मला वाटलं नव्हतं. पेढ्यांचे चार सारखे वाटे झाले. एक अन्न विश्लेषकाकडे जायचा, दोन वरच्या अधिकाऱ्याकडे ठेवायचे, आणि चौथा, मालकांनी मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा. खव्याचा माल टिकावा म्हणून दर 25 ग्रॅमला फॉर्मेलिनचे दोन थेंब. तो वास आला आणि मी चाळीस वर्षं मागे गेलो. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत याच पाण्यात एक बेडूक हात जोडल्यासारखा उभा असे. पोरांच्या पिढ्या मॅट्रिक होऊन गेल्या, तो त्याच वर्गात राहिला. आता त्याच्या वाटेने पेढे निघाले होते. बाटलीला जाड कागद गुंडाळला गेला, त्यावर चिठ्ठी चिकटली, दोरा आडवा-उभा फिरला. मेणबत्तीवर लाख वितळली आणि चार मोहरा उमटल्या, एक वर, एक तळाला, दोन अंगावर. मालकांची सही अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी कागदावर हवी होती. आयुष्यात इतक्या बेताने त्यांनी सही कधी केली नसेल. बाहेरगावी शिकणाऱ्या लेकाला फराळाचा डबा बांधताना आईसुद्धा एवढ्या गाठी मारत नाही.

आणि मग साहेबांनी पाकीट काढलं.

कायदा असा आहे की अधिकाऱ्याने नमुना घेतला तर नेहमीच्या विक्रीच्या भावाने त्याची किंमत द्यायची. फुकट न्यायचा नाही. पण वऱ्हाडातल्या माणसाला हे कसं समजावणार? दारी आलेल्याच्या हातावर गूळ ठेवून त्याचा भाव लावायचा? मालकांचा चेहरा अपमान झाल्यासारखा झाला. 'तुमच्याजवळून पैसे घेऊ काय साह्यब? राहू द्या, चार पेढे त हायेत.' 'घ्यावेच लागतील.' 'दुसरे नेतात त पेटी भरून नेतात, अन् तुम्ही...' इथे मालकांनी जीभ चावली. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नोटा मात्र टेबलावर दोघांच्या मध्ये तशाच पडून राहिल्या, पंख्याच्या वाऱ्याने कोपरे हलवत.

मला आजी आठवली. आमच्या घरचं अन्न व औषध प्रशासन म्हणजे तीच. तिच्यापाशी ना लाख, ना चार वाटे. नाक होतं, आणि त्या नाकाच्या निकालावर अपील नव्हतं. दूध, ताक, कालचं वरण, शेजारून आलेलं वाण, सगळं आधी तिच्यासमोर हजर व्हायचं. उपासाची भगर ती दळलेली कधी आणू द्यायची नाही. अख्खी आणायची, निवडायची, धुवायची आणि लागेल तेवढीच दळायची. भगरीच्या पिठाला लवकर बुरशी येते असं ती म्हणे. आता नवरात्राच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासन जे आवाहन करतं, त्यातही खुलं भगरपीठ घेऊ नका असंच असतं. ते वाचलं की मला त्यामागे नऊवारीचा पदर दिसतो. भजी वर्तमानपत्रात बांधून आणलेलीही तिला चालत नसत. त्या काळी शाईचा विचार तिच्याही डोक्यात नसावा. तिची तक्रार वेगळी होती. तेलाने कागद पारदर्शक व्हायचा आणि एका बाजूच्या शुभविवाहातून दुसऱ्या बाजूची श्रद्धांजली दिसायची. असलं काही ताटात नको, म्हणायची.

शेवटच्या वर्षांत तिचा वास गेला. तरी सकाळचं दूध तिच्यापुढे नेत असू. ती भांडं नाकाशी धरायची, थोडा वेळ डोळे मिटायची आणि मग अगदी सहज मला म्हणायची, 'पाय बरं बापू, तुले काय वाटते?' मी वास घ्यायचो आणि म्हणायचो, चांगलं आहे. 'मीबी तेच म्हणत होते,' म्हणून ती भांडं खाली ठेवायची. ही तपासणी बंद करावी असं घरात कोणालाच सुचलं नाही.

टेबलावरच्या नोटा अजून हलत होत्या. बाहेर जुन्या महामार्गावरून एक रिकामी बैलगाडी गेली. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला आणि आमच्या रस्त्याचे कितीतरी ट्रक, कितीतरी मोटारी त्या काँक्रीटवर निघून गेल्या. पूर्वी सकाळी आठच्या आत एक परात उठायची. त्या दिवशी साडेनऊ झाले होते. पंच व्हायच्या भीतीने पळाले ते सगळे उधारीवाले, आणि माझं खातं महिन्याच्या शेवटी.

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, नोटांकडे पाहिलं. मग त्या उचलल्या, दोन्ही डोळ्यांना लावल्या, भिंतीवरच्या रांगेसमोरून एकदा फिरवल्या, महाराज, आबा, चौदा अंक, आणि गल्ल्यात टाकल्या. दिवसाची भवानी झाली होती.

साहेब ते पाहत होते. बाटल्यांची पिशवी त्यांनी बाकावर जपून ठेवली आणि शेजारी बसले.

'एक कट चहा द्या.'

'आता याचे मात्र नाई घेणार हं, साह्यब.'

'घ्यावे लागतील,' साहेब म्हणाले आणि पुन्हा पाकिटाकडे हात नेला.