सनकोट, रुमाल आणि ॲप्रन : नाशिक रोडच्या संरक्षक वस्त्रांची एक चिकित्सा

नाशिक रोडला सुरक्षेचे शास्त्र नवे नाही. १९२५ पासून इथे सिक्युरिटी प्रेस आहे, १९२८ पासून नोटांचा छापखाना. इथून बाहेर पडणाऱ्या पाचशेच्या नोटेला जलचिन्ह असते, रंग बदलणारा धागा असतो, न दिसणाऱ्यालाही बोटांनी कळाव्यात अशा उठावाच्या रेघा असतात. याच गावात बारावीचा विद्यार्थी कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिडसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या अंगावर काय असते, याकडे पूर्वसूरींनी साफ दुर्लक्ष केले आहे. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

निरीक्षणाचे स्थळ बिटको चौक, काळ ऑक्टोबरातला, वेळ भर दुपारची. जेल रोडकडून स्कूटीवर एक विद्यार्थिनी येते. डोक्याला आणि चेहऱ्याला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल, कोपरापर्यंत सुती हातमोजे, वरून पांढरा सनकोट. उघडी कातडी म्हणाल तर नखाएवढीही सापडायची नाही. ही मूर्ती कॉलेजात शिरते, पार्किंगमध्ये सगळे उतरवून डिकीत कोंबते आणि उघड्या हातांनी, उघड्या डोळ्यांनी प्रयोगशाळेत जाऊन ॲसिडची बाटली उचलते. संरक्षणाची साधने नाहीत असे आता कोण म्हणेल? ती आहेत, डिकीत आहेत. या वर्तनाचा उलगडा करताना एक मत असे की शत्रूची भीती त्याच्या ताकदीवर ठरत नाही, भेटीगाठींवर ठरते. ऊन रोज भेटते. ॲसिड फक्त मंगळवारी, बी बॅचला.

मग तोच साज तसाच आत न्यावा काय? असे सुचवणारा एक पंथ आहे. तो उतावळा आहे. गॉगलला बाजूंनी झडपा नसतात, त्यामुळे कडेने आलेला शिंतोडा सरळ डोळ्यात जातो. शिवाय पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये ज्या फिक्कट गुलाबी रंगावर सारे मार्क अवलंबून, तो काळ्या काचेतून दिसत नाही. डोळ्यांच्या बाबतीत पंथाभिमान बाजूला ठेवावा. ज्याच्या नावाचा बर्नर प्रत्येक टेबलावर जळतो, त्या बुन्सेनचा उजवा डोळा स्फोटात उडालेल्या काचेने गेला होता. स्कार्फ धूळ अडवतो, अमोनिया किंवा नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर अडवत नाही. आणि त्याचे लोंबते टोक बर्नरशी कसे वागेल हे सांगायला प्रबंध नको. सनकोट सुती असेल तर नायलॉनसारखा वितळून कातडीला चिकटत नाही, एवढे त्याचे पुण्य. पण सुती हातमोजा ॲसिड पिऊन घेतो आणि ते इमानेइतबारे हाताला लावून धरतो. त्यापेक्षा उघडा हात परवडला. निदान तो लगेच नळाखाली जातो.

मुलग्यांचा अभ्यास सोपा आहे, कारण त्यांच्याकडे रुमाल सोडून काही नसते. हा रुमाल नाकाला लावतात, गरम टेस्ट ट्यूब धरायला वापरतात, सांडलेले पुसतात आणि मग त्यानेच तोंड पुसतात. शेवटची पायरी चिंताजनक आहे.

ॲप्रनचा विचार करताना हेल्मेटचा दाखला घ्यावा लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिक शहरात 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम सुरू झाली आणि पंपावर शेजारच्या गाडीवाल्याचे हेल्मेट घटकाभर उसने घेण्याची प्रथा पडली. प्रयोगशाळेच्या दारात हे आधीपासून चालत आले आहे. ए बॅच बाहेर पडताना ॲप्रन उतरवते, बी बॅच तेच चढवून आत जाते. उसने संरक्षण हे डोक्याचे किंवा छातीचे नसते, ते तपासणाऱ्याच्या नजरेपासूनचे असते. म्हणून ॲप्रनला बटणे दोनच उरतात आणि कोणाची तक्रार नसते. सौम्य सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब मात्र नजरेत येत नाही. पाणी उडून जाते, ॲसिड कापडात दाट होत बसते आणि भोक धुलाईनंतर उगवते. त्यामुळे आईचा संशय आधी उंदरावर जातो, मग साबणावर. फाटक्या जीन्सची फॅशन आल्यापासून तर तपासच बंद पडला.

रबरी हातमोज्यांचा इतिहास जरा हळवा आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात मर्क्युरिक क्लोराइडने फुटत. शल्यविशारद हॅल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले आणि १८९० मध्ये तिच्याशी लग्न केले. लग्नानंतर बाईंनी ते काम सोडले; हातमोजे मात्र शस्त्रक्रियागृहातच राहिले. बाजारात आता ते खोक्याने मिळतात. पण निवड डोळसपणे करावी लागते. लॅटेक्स पेट्रोलपुढे टिकत नाही, नायट्राइल पेट्रोलला पुरून उरते पण ॲसिटोनपुढे हात टेकते. सर्व रसायनांना पुरणारा हातमोजा अजून निघालेला नाही. दुकानदार तो आहे म्हणतो.

एवढ्या विवेचनानंतर एक व्यवहार्य सूचना पुढे येते : प्रयोगशाळा गच्चीवर हलवावी. ऊन दिसले की सारे आपोआप झाकून येतील, धुराड्याच्या पंख्याचे बिलही वाचेल. आक्षेप एवढाच की बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा थंडीच्या शेपटाला येते, जेव्हा निफाडचा पारा रोज पेपरात असतो. गच्चीवर तेव्हा सनकोट नसेल, ॲक्रिलिकचे स्वेटर असतील, आणि ॲक्रिलिक पेटले की वितळून अंगाला चिकटते. आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर त्यातल्या त्यात बरा; लोकर सहजी पेट घेत नाही. पण तो घालून कॉलेजात यायला एकही विद्यार्थी तयार नाही.