असेंबलवाला दादा

प्रत्येक घराण्यात असा एक तरी असतोच. शिक्षण कॉमर्सचं, नोकरी विमा कंपनीत नाहीतर सहकारी बँकेत, पण नात्यागोत्यात ओळख 'कॉम्प्युटरचं बघतो तो' अशी. सगळ्या चुलतभावंडांचा तो दादा, म्हणून आपणही दादाच म्हणू. वय पंचेचाळिशीपलीकडे, पोट थोडं सुटलेलं, आणि चाव्यांच्या जुडग्यात घराच्या किल्लीशेजारी एक बारका स्टार स्क्रू ड्रायव्हर. मुंजीच्या पंगतीत जिलबी वाढायला आली की नेमकं कुणीतरी त्याला उठवून मंगल कार्यालयाच्या ऑफिसात नेतं, कारण तिथला प्रिंटर अडलेला असतो. दादा उठतो. जिलबीचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

दादा घडला तो २००० च्या आगेमागे. त्या दिवसांत रात्रीची जेवणं झाली की घराघरांत एक चर्चा हमखास निघे. ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड? ब्रँडेडच्या बाजूला बिल, गॅरंटी आणि टीव्हीवरची जाहिरात. असेंबल्डच्या बाजूला एकटा दादा. तरी जिंकायचा दादाच, कारण किमतीत चांगलाच फरक पडायचा. पेंटियम ४ नुकताच आला होता, १२८ एमबी रॅम म्हणजे चैन होती, आणि २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर तर क्लासला जाणाऱ्या प्रत्येक पोराला सरावासाठी घरी मशीन हवं झालं. त्या लाटेत दादाने निम्म्या नातेवाइकांकडे मशीनं बसवून दिली. मोबदला कधीच घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं, कारण फुकट केलेल्या कामाची वॉरंटी तहहयात असते.

पुढे लॅपटॉप आले, फोन आले, सगळं गोंद लावून बंद केलेलं. उघडायला झाकणच नाही म्हटल्यावर दादा बेकार झाला. लोक आता त्याला फक्त वायफायचा पासवर्ड विचारत. हत्यारं गंजत नव्हती एवढंच.

आणि मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. डोंबिवलीच्या काकांच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढेना, कारण त्यात टीपीएम २.० नव्हतं. हे टीपीएम म्हणजे काय ते काकांना ठाऊक नव्हतं, जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. पण फोन मिळताच दादा संध्याकाळी दारात हजर झाला तो इतक्या हसऱ्या चेहऱ्याने, की काकूंना वाटलं याच्या घरी पाळणा हलणार.

"काका, आधी सांगा, वापर काय असणार?"

हा प्रश्न दादा डॉक्टरी आवाजात विचारतो. काकांनीही प्रामाणिकपणे सांगितलं. सोसायटीचा हिशेब, मराठी टायपिंग आणि रविवारी कॅनडातल्या नातीशी व्हिडिओ कॉल. बजेट चाळीस हजार. दादाने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि टीपॉयवरच्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर जे लिहायला घेतलं, त्याचा यातल्या एकाही गोष्टीशी संबंध नव्हता.

"मग बेसिकच घेऊ. सहा कोअरचा प्रोसेसर बास झाला."

"सहा कशाला रे? घरात आम्ही दोघंच."

"तसं नसतं काका. एसएमपीएस मात्र साडेसहाशे वॅटचा टाकू. गोल्ड रेटिंगचा."

"गोल्ड?" काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"पुढेमागे ग्राफिक कार्ड टाकायचं म्हटलं तर अडायला नको."

दादाची अख्खी यादी या 'पुढेमागे'च्या टेकूवर उभी असते. बोर्डावर रॅमचे चार स्लॉट हवेत, दोन रिकामे राहू देत. कॅबिनेट मोठं हवं, आत पंख्यांना जागा हवी. आजवर त्याने बसवून दिलेल्या एकाही मशीनमध्ये पुढे किंवा मागे कुणी ग्राफिक कार्ड टाकलेलं नाही. आणि प्रोसेसर बदलायची वेळ येईतो सॉकेटच बदललेलं असतं. इंटेलने २०२० मध्ये एलजीए १२०० आणलं, २०२१ मध्ये १७०० आणि २०२४ मध्ये १८५१. एकाच्या बोर्डावर दुसऱ्याचा प्रोसेसर बसत नाही. म्हणून दादा कट्टर एएमडीवाला. 'एएम४ सॉकेट २०१६ ला आलं, तरी २०२४ मध्ये त्यावर नवा प्रोसेसर निघाला,' हे तो बारशालाही सांगतो आणि तेराव्यालाही.

माझं मत विचाराल तर दादा हे मशीन काकांसाठी बांधतच नसतो. त्याच्या स्वतःच्या घरी ऑफिसचा लॅपटॉप आहे. वहिनींनी एकदाच विचारलं होतं, "हे असताना आणखी एक कशाला?" आणि त्यावर दादाला अजून उत्तर सापडलेलं नाही. तेव्हा स्वतःला हवं असलेलं मशीन तो नातेवाइकांच्या पैशांनी बांधतो, तुकड्यातुकड्याने, एकेकाच्या घरी. यात लबाडी नाही. पंगतीत आग्रह करून वाढणाऱ्याच्या मनात असतो तसाच निर्मळ भाव असतो.

पत्रिकेवरची बेरीज बावन्न हजारांवर गेली. दादाने दोष रॅमला दिला आणि या वेळी तो खराही होता. २०२५ सरता सरता एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीचा माल इतका उचलला जाऊ लागला, की घरगुती रॅमचे भाव भडकले. २०२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक कार्डं पळवली होती, आता हे. "जूनमध्ये म्हणालो होतो, घेऊन ठेवा," दादा म्हणाला. जूनमध्ये तो आलाच नव्हता, पण काका सभ्य माणूस आहेत.

ऑनलाइन सगळं मिळतं, हे दादाला ठाऊक असतं. भाव तो तिथेच पाहतो. खरेदी मात्र लॅमिंग्टन रोडवर. डोंबिवलीहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव फक्त पाट्या वाचणाऱ्यांना माहीत. 'शोले' ज्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला, ते याच रस्त्यावरचं. दादा इतकी वर्षं इथे येतो, पण सिनेमा म्हणून त्याने इथे काही पाहिलं असेल तर दुकानदाराच्या काउंटरवर चाललेली बेंचमार्क टेस्ट.

पहिल्या तीन दुकानांत तो नुसताच भाव विचारतो. घ्यायचं कुठे हे ठरलेलं असतं, पण न विचारता घेणं म्हणजे त्याच्या लेखी नापास होणं. चौथ्या दुकानात तो कोपर काउंटरवर टेकवून हिंदीत शिरतो.

"बॉस, फायनल बोलो."

"बिल के साथ या बिना?"

दादा काकांकडे पाहतो. जीएसटी १८ टक्के, म्हणजे बोलायला वाव आहे. पण काका ऑडिटमधून रिटायर झालेले. ते शांतपणे म्हणाले, "बिल हवं. अनुक्रमांकासकट." दादाची सगळी घासाघीस तिथेच मोडली. येताना त्याने कॅबिनेट लगेजच्या डब्यात घातलं आणि स्वतः त्याच्यावर हात ठेवून ठाण्यापर्यंत उभा राहिला. काकांनी मदरबोर्डचा खोका मांडीवर धरला होता.

दादाला खरा पाहायचा तो दुसऱ्या दिवशी, जुळणीला बसलेला. आधी तो सतरंजी मागतो. कॅबिनेटची एक बाजू टफन काचेची असते आणि ती फरशीवर कोपऱ्यावर टेकली तर क्षणात साखरेसारखी विखरते, हे त्याने बघितलेलं आहे. मग तो बेसिनच्या नळाला हात लावून येतो, अंगातली वीज उतरवायला. काकूंना वाटलं, सोवळं.

सॉकेटचं झाकण उघडलं की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. पूर्वी पिना प्रोसेसरला असत. इंटेलने २००४ मध्ये त्या बोर्डावर नेल्या, एएमडीने २०२२ च्या एएम५ पासून. केसांहून नाजूक, हजारावर पिना. एक वाकली तरी बोर्ड गेलं, आणि दुकानदार वॉरंटीचं नाव काढू देत नाही. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून दादा प्रोसेसर नुसता ठेवतो. ठेवतो, दाबत नाही. मग दांडी खाली ओढताना कर्रर्र असा जो आवाज होतो, तो ऐकून काका खुर्चीतून उठले. दादा हसला. हा आवाज यायलाच हवा असतो, पण हे तो आधी कधीच सांगत नाही. वर थर्मल पेस्टचा मटारएवढा ठिपका. कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायला विसरणाऱ्यांच्या गोष्टी त्याने सांगितल्या. त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, खट्ट आवाज येईपर्यंत.

शेवटी पुढच्या बटणाच्या वायरी. पॉवर, रीसेट, दिव्याचे प्लस-मायनस, प्रत्येक टोक तांदळाएवढं, आणि जागा कॅबिनेटच्या तळाशी अंधारात. इथे पंचेचाळिशी उघडी पडते. दादा चष्मा कपाळावर सरकवतो, फोनचा टॉर्च दातांत धरतो आणि पालथा पडून काहीतरी पुटपुटतो, ते काकूंनी ऐकलं नसावं.

बटण दाबलं. पंखे फिरले, आत सात रंग फिरले, पडदा मात्र काळा. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेल्या जागी पिवळा दिवा.

"काय झालं रे?"

"काही नाही. ट्रेनिंग चाललंय."

हेही खरं आहे. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना बोर्ड तिला जोखून घेतं. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्यात काही मिनिटं पडद्यावर काहीच दिसत नाही. दादाला हे पाठ आहे. तरी त्या मिनिटांत त्याच्या मानेवर घाम आला.

"आमच्या वेळी," काका म्हणाले, "आधी ट्रेनिंग, मग पोस्टिंग."

मधेच धीर देण्यासाठी काकूंनी कॅबिनेटवर हात ठेवला आणि झटकन काढला. मुंग्या आल्या होत्या. पायात चपला नव्हत्या आणि १९८० च्या त्या इमारतीतल्या प्लगच्या तिसऱ्या भोकात अर्थिंग नुसतं नावाला होतं. दादाने लगेच इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तेवढ्यात पडदा उजळला. बायोसच्या पानावर प्रोसेसरचं तापमान होतं ३८ अंश.

"अडतीस! बघा काका, कसलं थंड चाललंय!"

"अडतीस म्हणजे कणकण आहे," काकू म्हणाल्या आणि हळदकुंकू आणायला गेल्या. अक्षता वरच्या जाळीतून पंख्यात गेल्या. मशीन काही वेळ वाळूत चालल्यासारखं वाजलं, दादाने झाकण पुन्हा उघडलं, आणि नारळ बाल्कनीत फोडायचा असं ठरलं.

मशीन सुरू झालं की दादाचा जीव त्यातून निघून जातो. विंडोज चढवताना तो जांभया देतो. काकांची बोटं मराठी टाइपरायटरवर तयार झालेली, विंडोजमधला मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट पद्धतीचा. 'क' दाबला की भलतंच उमटायचं. काकांच्या दृष्टीने सगळ्या खरेदीचा मुद्दा तोच होता. दादा म्हणाला, "ते सेटिंगमध्ये बघा, मिळेल." एवढ्यात काकांनी ड्राइव्हची जागा पाहिली.

"बिलावर ५०० जीबी आहे. इथे ४६५ दिसतात. पस्तीस कुठे गेले?"

दादाने समजावलं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

"म्हणजे मापात पाप," काकांनी निकाल दिला आणि बिलाच्या मागे नोंद केली.

सगळे रिकामे खोके दादाने माळ्यावर चढवायला लावले. तीन वर्षांची वॉरंटी आहे, खोका लागतो. काकूंनी दिवाळीचा आकाशकंदील कुठे ठेवायचा ते विचारलं. दादाने मदरबोर्डचा खोका सुचवला नाही, हेच नशीब.

रात्री साडेअकराला काकूंचा फोन.

"अरे, तुझा तो डबा बंद केलाय, तरी आत दिवे चालूच आहेत. खोलीत नवरात्राचा मंडप घातल्यासारखं झालंय. ह्यांना झोप नाही."

"काकू, बायोसमध्ये जा. ॲडव्हान्स्ड, मग ईआरपी नावाचं..."

"मी भिंतीवरचं बटण बंद केलं."

दादा रविवारी आला. दिव्यांचं पाच मिनिटांचं काम होतं. ते करून त्याने काचेतून आत पाहिलं, मागून जाणारी एक वायर जरा तिरकी होती. "काकू, एवढा आलोच आहे, तर सतरंजी आणा," तो म्हणाला. कॅनडाहून नातीचा कॉल आला तेव्हा मशीन चारही बाजूंनी उघडं होतं. काकांनी तो फोनवर घेतला.